स्वयंपूर्ण घराची उसनवारी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ-गास-भुईगावच्या बाजूला, शनिवारी सकाळी मुंबईकर उगवतात. अंगात सुती पण महाग सदरा, हातात तांब्याची बाटली आणि चेहऱ्यावर नुकताच राजीनामा दिलेल्या माणसाचं तेज. त्यांना वाडी बघायची असते. फार नको, वीस-पंचवीस गुंठे पुरे. फक्त त्यात विहीर हवी, विहिरीला मे महिन्यातही गोडं पाणी हवं, नारळ-आंबा-फणस आधीच लावलेले हवेत, एक देशी गाय हवी, आणि हे सगळं स्टेशनापासून दहा मिनिटांवर असून मोबाइलला पूर्ण रेंज हवी. का, तर त्यांना स्वयंपूर्ण व्हायचं असतं.

"गाईचं दूध कोण काढणार?" आमच्या आळीतल्या काकांनी अशा एका पाहुण्याला विचारलं.

"माणूस ठेवू ना."

"आणि उद्या त्यालाही स्वयंपूर्ण व्हावंसं वाटलं तर?"

पाहुण्यांनी ही शक्यता धरलेली नव्हती. ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि नारळाच्या झाडाकडे बघत राहिले.

ज्यांना वाडी परवडत नाही त्यांच्यासाठी आता शिबिरं निघाली आहेत. दोन दिवस, एक रात्र, जेवणात नाचणी. पहिल्या दिवशी चहापूर्वी शेणाने जमीन सारवणे, चहानंतर पालापाचोळ्याचं खत, दुपारी बियाणं जपण्यावर व्याख्यान, संध्याकाळी चुलीवर भाकरी आणि रात्री आकाशदर्शन. आमच्या काकूने हे वेळापत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. काकूचं निम्मं आयुष्य सारवण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं, घरात लादी बसवून घेण्यासाठी काकांच्या मागे लागण्यात. लादी बसली त्या दिवशी तिने आळीत पेढे वाटले होते. "पैसे भरून शेण थापतात?" ती म्हणाली. "मला आधी कळलं असतं तर मी इतकी वर्षं तिकीट लावलं असतं."

तिचं चुकत नाही. आमच्या लहानपणी या जीवनशैलीला नाव नव्हतं, नुसती कामं होती. आणि ती कामं करणाऱ्या कुणालाही आपण पृथ्वी वाचवतो आहोत असा संशयसुद्धा आला नव्हता.

आता नारळाचंच बघा. वाडीतल्या झाडावरून काही खाली पडलं आणि ते वाया गेलं, असं आमच्याकडे घडत नसे. झावळी पडली की ती विणून झाप व्हायची आणि पावसाळ्याआधी पडवीच्या कडेला लागायची. हीर सोलून खराटा. पोय चुलीत, सोडणं आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत, करवंटी घासून आमटीचा डाव, त्या चुलीतली राख भांड्यांना, भांड्यांचं पाणी अळवाला. अळू इतकं माजायचं की घरात कुणी पाहुणा आला की त्याला फदफदं चुकायचं नाही. माणसांचे कपडेही याच रांगेत उभे. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा गोधडीला, गोधडीचा तुकडा चुलीवरचं भांडं उतरवायला. कपड्यांच्या बाबतीत मी कायम भावाच्या तीन वर्षं मागे होतो. एकदा फोटोग्राफर आला तेव्हा त्याने आम्हाला ओळीने उभं केलं. त्या फोटोत जो सदरा भावाच्या अंगात आहे, तोच पुढच्या फोटोत माझ्या अंगात आहे, आणि तिसऱ्या फोटोत आजी त्याच्यावर बसलेली आहे.

पाण्याची व्यवस्था तर आजच्या शिबिरवाल्यांनी बघितली असती तर फी दुप्पट केली असती. वाडीवाडीत विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाला बैल. बैल गोल फिरला की मडक्यांची माळ रिकामी खाली जायची, भरून वर यायची, पन्हळीत ओतायची आणि पाणी पाटाने केळींच्या आळ्यांत शिरायचं. ना वीज, ना धूर. बैल थांबू नये म्हणून त्याच्यामागे एक पोरगं लागे, आणि ते पोरगं मी. माझ्या आईला एकाच वेळी दोन कामं झालेली आवडत. बैलाला मागून आवाज हवा असे, आईला पाढे पाठ झालेले हवे असत. तेव्हा मी मोठ्याने पाढे म्हणत गोल फिरायचो. बैल फार इमानी होता. एकोणतीसच्या पाढ्यावर मी अडखळलो की तोही थबकायचा. पाट आटला की केळीतून वडिलांचा आवाज यायचा, "एकोणतीस सत्ते किती रे?" मी "दोनशे तीन!" म्हणून ओरडलो की बैल चालू लागायचा. पुढे विजेचा पंप आला आणि बैलाबरोबर माझं गणितही बसलं.

विहिरींना पाणी कुठून यायचं, हे सांगायला बावखलाशी यावं लागतं. बावखल म्हणजे वसईतलं घरगुती तळं. गावागावात, घराघरांच्या कडेला अशी बावखलं होती. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, विहिरी गोड राहायच्या. वरच्या वर त्यात कपडे धुतले जात, म्हशी डुंबत, आणि म्हशींच्या पाठीवर बसून आम्ही पोहायला शिकत असू. समुद्र एवढा जवळ असून विहिरीत खारं पाणी शिरत नसे, याचं श्रेय या साध्या खड्ड्यांना होतं. पण खड्ड्याचं श्रेय कोण मान्य करतो? जमिनीला भाव आला तेव्हा अनेक बावखलं मातीखाली गेली आणि त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. तरी बावखल ही वस्तू भाडेकरूसारखी निघून जात नाही. जुलैत ती आपली जुनी जागा बघायला येते. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी तुंबलं, रुळांवर चढलं, गाड्या थांबल्या, मिठागरातली कुटुंबं अडकली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. आळीतल्या म्हाताऱ्या बाहेरून बघत होत्या. "म्हशी इथेच उतरायच्या," एक म्हणाली.

हे सगळं ऐकून शहरातल्या माणसाचे डोळे भरून येतात. तो म्हणतो, "म्हणजे तुम्हाला बाहेरून काहीच लागत नसे!"

इथे मला आजीची साक्ष काढावी लागते. "आपल्या वाडीत सगळं पिकतं" हे आजीचं आवडतं वाक्य. गावाबाहेरच्या प्रत्येक पाहुण्याला ती हे ऐकवायची. आणि ते बोलता बोलता हातातली वाटी माझ्याकडे सरकवून खालच्या आवाजात सांगायची, "जा, पलीकडून चार मिरच्या घेऊन ये."

आमच्या घरात जे पिकत नव्हतं त्याची यादी, पिकत होतं त्याच्यापेक्षा लांब होती. मीठ मिठागरातून यायचं. मासे अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळणी डोक्यावरून आणत आणि दर आधी सांगून मग भांडत. पावसाळ्याची आगोट भरायला पापडीच्या बाजारातून सुके बोंबील, सुकट, वाकट्या आणल्या नाहीत तर श्रावणाआधीच घरात बंड झालं असतं. पहिला पाऊस पडला की पूर्वेच्या डोंगराकडून वारली बायका शेवळं, काकडं आणि पुढे कोरल, टाकळा घेऊन येत. त्या पाट्यांसाठी आमच्या घरातून तांदूळ आणि सुकी मासळी बाहेर जाई. रॉकेल रेशनवर, चहा-साखर वाण्याकडे उधारीवर, आणि काड्यापेटी संपली तर विस्तव शेजारून करवंटीत. पूर्वेचा डोंगर, पश्चिमेचा दर्या आणि मधला वाणी, एवढे सगळे कामाला लागले की आमचं घर स्वयंपूर्ण व्हायचं.

शेतीचंही तेच. बैल आमचा, नांगर दुसऱ्याचा, आणि नांगर धरायला येणारा माणूस तिसऱ्या घरातला. तीन घरं मिळून एक शेतकरी तयार व्हायचा. त्यातल्या कुठल्याही दोघांचं भांडण झालं की तिघांचंही भात उशिरा लागायचं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात आळीत विलक्षण सलोखा नांदे. वर्षभर एकमेकांच्या बांधावरून कोर्टात जाण्याच्या धमक्या देणारी माणसं मृग निघाला की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करीत. भांडणाचा मोसम भात झोडून झाल्यावर पुन्हा सुरू व्हायचा.

वाटीचा हिशेब मात्र बारा महिने चालू. विरजणाची वाटी, डाळीची वाटी, कोकमाची वाटी. गेलेली वाटी रिकामी परत यायची नाही हा नियम. तिच्यात काहीतरी, निदान चार लिंबं, घालून पाठवायची. मग ती चार लिंबं दिल्याबद्दल आपण काहीतरी पाठवायचं. त्यामुळे मुळात घेतलेलं विरजण कधी फिटतच नसे. हा व्यवहार कुठे लिहिलेला नव्हता, पण आळीतल्या बायकांना तो तोंडपाठ होता, आणि कुणी कुणाला नाताळात किती नेवऱ्या दिल्या व त्या बदल्यात दिवाळीला किती करंज्या आल्या हे दहा वर्षांनंतरही सांगता येत असे. आमच्या पट्ट्यात हिंदू आणि ख्रिस्ती घरं एकमेकांना टेकून असत, त्यामुळे वाटीला वर्षातून दुप्पट सण मिळत. आज मी फोनवरून एका क्षणात पैसे पाठवतो, व्यवहार पूर्ण होतो आणि संबंधही पूर्ण होतो. वाटीची खुबी हीच होती की व्यवहार कधी पूर्ण होऊ द्यायचा नाही.

कोंबड्यांनी मात्र या व्यवस्थेची परीक्षा घेतली. आमची एक तपकिरी कोंबडी दाणे आमच्या अंगणात टिपायची आणि अंडं शेजारच्यांच्या गवताच्या गंजीत घालायची. शेजारच्यांचं म्हणणं, गंजी आमची तर अंडं आमचं. आमचं म्हणणं, कोंबडी आमची. प्रकरण वाढलं, दोन्हीकडच्या पुरुषांनी मिशीला हात लावला. शेवटी आजी आणि शेजारच्या मावशी बांधावर बसल्या आणि त्यांनी ठरवलं, सोमवार-बुधवार-शुक्रवार आमचं, मंगळवार-गुरुवार-शनिवार त्यांचं. रविवारी कोंबडीने विश्रांती घ्यावी असा मावशींचा आग्रह होता, कारण त्या रविवारी मिस्साला जात. पण कोंबडीने तो मानला नाही. रविवारचं अंडं मग वारल्यांच्या पोराला मिळायचं.

आता थोडं सुकेळ्यांविषयी, कारण या पट्ट्याला गर्व करण्यासारखी जी दोन-चार कामं जमली त्यांत ते येतं. वसईत केळी किती प्रकारची! बसराई, मुठेळी, वेलची, तांबडी, भुरकेळ. पण सुकेळी होतात ती राजेळीचीच. राजेळीचं केळं लांब, जाड, थोडं अहंकारी. ते नीट पिकवायचं, सोलायचं आणि उंच मांडवावर उन्हात वाळत घालायचं. संध्याकाळी उचलून आत, सकाळी पुन्हा बाहेर. असे आठेक दिवस चांगलं ऊन मिळालं की केळं आक्रसतं, काळसर सोनेरी होतं, आणि साखरेचा कण न घालता साखरेला मागे टाकतं. मग वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून बांधायचं. डबा नाही, रसायन नाही, लेबल नाही. ढग आला की मात्र सगळं मातीमोल. हवामान खात्याची बातमी आमच्याकडे ज्या गांभीर्याने ऐकली जाई त्या गांभीर्याने देशात फक्त मच्छीमार ऐकत असतील.

मांडवावरच्या केळ्यांना दोन शत्रू, कावळे आणि नातवंडं. राखणीला नातवंडांना बसवण्यात आजीचा काय विचार होता हे मला कळलेलं नाही. तिन्हीसांजेला ती केळी मोजायची आणि कमी भरली की मी कावळ्यांचं नाव घ्यायचो. ती मांडवाखाली एक नजर टाकायची. "कावळा अर्धं खातो, अर्धं टाकतो," ती म्हणायची. "इथे तर काहीच टाकलेलं नाही." घरात काही वाया न घालवण्याची शिकवण अशी माझ्यावर उलटली.

आणि ही सुकेळी, ही केळी, ही भाजी, मोगरा, कागडा, जास्वंदीच्या कळ्या, या सगळ्याचं आम्ही काय करत होतो? विकत होतो. कुणाला? मुंबईला. स्वयंपूर्ण वसईचा पाया चर्चगेटच्या दिशेला आहे, हे सांगायला आमचे लोक विसरतात. विरारहून मुंबईला पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली, आणि तेव्हापासून आमच्या वाडीची वेळ सूर्यावर कमी आणि गाडीवर जास्त चालू लागली. पहाटेच्या काळोखात बायका कळ्या खुडायच्या, माणसं टोपल्या डोक्यावर घेऊन मालडबा गाठायची, उजाडेपर्यंत फुलं दादरला. दुधाच्या बरण्या घेऊन जाणारे आमचे ख्रिस्ती बांधव वांद्र्या-सांताक्रुझच्या गिऱ्हाइकांना, त्यांच्या पोराबाळांना, कुत्र्यांनाही नावाने ओळखत. मुंबईचे देव आमच्या जास्वंदीवर आणि मुंबईची बाळं आमच्या दुधावर. आणि आमची शाळेची फी, औषधपाणी, लग्नं त्यांच्या पैशांवर. कोण कोणावर अवलंबून होतं याचा निकाल लावायचा तर पुन्हा आजी आणि मावशींनाच बांधावर बसवावं लागेल.

मग हे सगळं मोडलं कुणी? सोयीस्कर उत्तर आहे बिल्डर. ते बरंचसं खरंही आहे. १९८० च्या दशकात इमारती झपाट्याने उठू लागल्या आणि त्यांना पाणी पुरवायला आमच्याच विहिरी टँकरने उपसल्या जाऊ लागल्या. विहिरी खारट व्हायला लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली, हजारो माणसं रस्त्यावर उतरवली. हेच फादर पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हाही आमच्या गावांनी आम्हाला गावच राहू द्या म्हणून आंदोलन केलं, आणि २९ गावं वगळण्याचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात फिरत राहिला. २०११ च्या जनगणनेत या शहरात १२ लाख २२ हजार माणसं मोजली गेली. एवढ्या माणसांना झाप विणून पुरले नसते, हेही खरं.

पण बिल्डर येण्याआधी आम्ही मनाने बाहेर पडलो होतो, ही गोष्ट मोर्चात कुणी बोलत नाही. आईला गॅस हवा होता, कारण ओल्या सोडणांच्या धुराने तिचे डोळे पावसाळाभर लाल असत. काकूला लादी हवी होती. आजीला, सगळं वाडीत पिकतं म्हणणाऱ्या आजीला, घरात संडास हवा होता आणि तो तिला तिच्या सत्तरीत मिळाला. मला बँकेत नोकरी हवी होती, कारण बँकेत बैल नसतो. जे काम आज शिबिरात पहिल्या दिवशी चहापूर्वी हौसेने केलं जातं ते तेव्हा बायका चहापूर्वी रोज करत, आणि त्यांना चहासुद्धा सगळ्यांचा झाल्यावर मिळायचा. त्या जगण्याची कौतुकं मुख्यत्वे पुरुषांनी लिहिली आहेत, हे मी पुरुष असूनही नोंदवून ठेवतो.

मनापासून करणारेही होते, त्यांना वगळून चालणार नाही. आमच्या किनारपट्टीने वर गेलं, पालघर-डहाणू ओलांडलं की गुजरातच्या हद्दीत उंबरगावजवळ देहरी लागतं. तिथे भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. सावे आमच्याच वाडवळ समाजातले, १९२२ चा जन्म, पेशाने शाळामास्तर. सुरुवातीला त्यांनी रासायनिक खतं वापरली, भरपूर पिकवलं, आणि मग मास्तरांच्या सवयीप्रमाणे हिशेब केला. हिशेबात खताचा खर्च वाढताना आणि हाती राहणारं कमी होताना दिसलं, तेव्हा ते हळूहळू निसर्गाच्या पद्धतीकडे वळले. नारळ-चिकूच्या त्या वाडीत नांगरट नाही, तणाशी वैर नाही, गांडुळांना पूर्ण मोकळीक. जपानचे मासानोबु फुकुओका तिथे येऊन थक्क झाले. २००६ साली सावेंनी एम. एस. स्वामीनाथन यांना हरितक्रांतीचा जाब विचारणारं खुलं पत्र लिहिलं; तेव्हा त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं. २०१५ मध्ये ते गेले. आमच्या काकांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नारळ कोण पाडत असे?" प्रश्न अगदी योग्य आहे. आज वसईत वाडी असून तिच्यातला नारळ खायला मिळेलच असं नाही, कारण झाडावर चढणारा माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची तारीख डॉक्टरपेक्षा उशिराची असते. आमच्या आळीतल्या एका स्वयंपूर्ण घरात गेल्या महिन्यात दुकानातून नारळ आणला. झाडाला पन्नास लटकलेले होते.

शहर सोडून रानात जाऊन राहणाऱ्यांचे आद्य गुरू म्हणजे अमेरिकेतले थोरो. १८४५ साली ते वॉल्डन तळ्याकाठी स्वतः खोपटं बांधून राहिले, दोन वर्षं दोन महिने. त्यांचं पुस्तक सगळे शिबिरवाले उशाशी ठेवतात. पण ती जमीन होती मित्राची, इमर्सनची. गाव होतं चालण्याच्या अंतरावर आणि थोरो वरचेवर घरी जेवायला जात. त्यांचे कपडे आई धूत असे अशी कुजबूज त्यांच्या देशात आजही चालते. लोक हे त्यांच्यावर आरोप म्हणून सांगतात. मला तर ही बातमी वाचून थोरोंविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. जमीन दुसऱ्याची, जेवण आईकडे, आणि बाहेर सांगायचं की मी एकटा राहतो. हा माणूस आमच्या आळीत सहज खपला असता. आजीने त्याच्या हातात वाटी देऊन मिरच्यांना पाठवलं असतं.

शनिवारच्या पाहुण्यांना मी हल्ली वाड्या दाखवत नाही, शेजार दाखवतो. त्यांना ते आवडत नाही. ते विचारतात, कंपाउंड किती उंच बांधता येईल? सहा फूट की आठ? मी म्हणतो, मिरच्या कुठून आणणार ते आधी ठरवा, मग उंची ठरवा. एका जोडप्याने मात्र परवा मला चकित केलं. बारा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात, कुंड्यांत मिरच्या आणि अळू लावलं आहे, ओल्या कचऱ्याचं खत गच्चीवर करतात आणि त्यासाठी सोसायटीच्या कमिटीशी रीतसर भांडले आहेत. अळू माजलं तेव्हा त्यांनी मजल्यावरच्या चारही घरांत पानं वाटली. दोन घरांतून आभाराचा मेसेज आला, एका घरातून फुलाचं चित्र आलं, आणि चौथ्या घरातल्या आजींनी फदफद्याची वाटी परत पाठवली. जोडपं मला विचारत होतं, आता या वाटीचं काय करायचं?

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. वाटी धुवून, काहीतरी घालून परत करा आणि वाडी बघायची घाई करू नका. तरीही वसई बघायचीच असेल तर कार्तिकात निर्मळच्या यात्रेला या. सुकेळी विकायला बसलेल्या बाईशी भाव करू नका. राजेळीची लागवड कमी झाली आहे आणि मांडव घालायला मोकळं अंगण फार थोड्यांकडे उरलं आहे. येताना विरार लोकल पकडाल तर भाईंदर गेल्याबरोबर दाराकडे सरकायला लागा. नायगाव गेल्यावर सरकू म्हणणाऱ्याला वसईत उतरता येत नाही, त्याला विरार बघावं लागतं.